स्वभावाचा रकाना

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी अंगणाच्या फाटकाला तेल घालत होतो. भोपाळमधल्या कोटरा सुल्तानाबादच्या या घरात मी एकटाच राहतो, त्यामुळे फोन सदऱ्याच्या खिशातच असतो. “काका, बाबा गेले,” ती म्हणाली. “सकाळी चहा मागितला. मी आणेपर्यंत… बस्, बैठे-बैठे.” मी ‘येतो’ म्हणालो. एक बिजागरी झाली होती, दुसरी राहिली होती. काय करावं ते सुचेना, म्हणून दुसरीलाही तेल घातलं, चिंधीने हात पुसले आणि मग पायरीवर बसलो. ते तेल मी तिच्या बाबांसाठीच, श्रावणसाठीच घालत होतो. तीन आठवड्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरकडून परतताना सुनंदा त्याला माझ्याकडे घेऊन आली होती, तेव्हा त्याने तक्रार केली होती, “बाबू, तुमचं फाटक लय वरडते. गाय असती तं दूध चोरलं असतं तिनं.”

श्रावण नेवारे हे नाव या पुरवणीच्या वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. तो सरकारी दूधफार्मवर गुराखी म्हणून लागला आणि गुराखी म्हणूनच निवृत्त झाला. जातीने गोवारी, मूळचा नागपूरकडचा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तरी मी त्याला आयुष्यभर ‘अरे श्रावण’ म्हणालो आणि तो मला ‘बाबू, तुमी’. त्या काळच्या कचेरीची ती रीत होती, आणि रीत मोडण्याइतका मोठा मी कधी झालो नाही. आता मी सत्त्याऐंशी वर्षांचा आहे. त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिणं सोपं आहे. पण मला एक नोंद दुरुस्त करायची आहे. ती साठ वर्षांपूर्वी मीच केली होती, माझ्या चांगल्या वळणदार अक्षरात.

छप्पन साली राज्यांची फेररचना झाली आणि नागपूरची राजधानी गेली. माझ्यासारखे कितीतरी मराठी कारकून फायलींसकट भोपाळला रवाना झाले. मी एकवीस वर्षांचा, पशुसंवर्धन खात्यात लोअर डिव्हिजन क्लार्क. दोन राज्यांत सगळ्याच सरकारी वस्तूंची वाटणी चालली होती. टेबलं, खुर्च्या, भिंतीवरची घड्याळं, माठ ठेवायच्या तिवया. आमच्या फार्मवरच्या साहिवाल गाईंचीही वाटणी झाली, आणि भोपाळच्या वाट्याच्या गाई मालगाडीने न्यायचं काम माझ्याकडे आलं. गाईंबरोबर गुराखी म्हणून जायला कोणी तयार नव्हतं. श्रावण एकटा पुढे आला. अधीक्षकांनी विचारलं, घरदार सोडून का जातोस? तो म्हणाला, “गाई चालल्या तं मी चाललो. त्यायले कोन वळखते तिकडं?”

इटारसीला गाडी बराच वेळ थांबली. मी यादी हातात घेऊन डब्याडब्यातून गाई मोजत गेलो. शेवटच्या डब्यात कडब्याच्या गंजीमागून दोन जोडी डोळे माझ्याकडे बघत होते. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. मी दचकून मागे सरकलो आणि श्रावण हसला. “घाबरू नोका. हे तिळ्या, हे राखी. सरकारी नोकरच आहेत, फक्त कागदावर नाई.”

त्या कुत्र्यांची हकिकत त्याने मला इटारसी ते भोपाळच्या वाटेवर, कडब्यावर बसून सांगितली. स्वातंत्र्याच्या आधी नागपूरच्या फार्मवर एक इंग्रज साहेब होता. मुंबई बंदरात ऑस्ट्रेलियाहून घोडे घेऊन येणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून त्याने ही जात आणली, एक जोडी. तिकडच्या माळांवर म्हणे गुरं शेकडो मैल हाकत न्यावी लागतात. विलायतेतून नेलेले कुत्रे तिथल्या उन्हात टिकेनात आणि भुंकून भुंकून गुरं बिथरवीत. म्हणून तिथल्या लोकांनी त्यांचा तिथल्याच रानकुत्र्यांशी संकर केला. रानकुत्रा मुकाट शिकार करतो, पाण्यावाचून राहतो, त्याचे पाय दगडाला भीत नाहीत. त्यातून हे गुरं हाकणारे कुत्रे झाले. सत्तेचाळीसला साहेब मायदेशी गेला, जाताना कुत्रे श्रावणच्या वडलांच्या हातात देऊन गेला. तिळ्या आणि राखी ही त्या पहिल्या जोडीची नातवंडं. खुर्च्या-तिवयांच्या वाटणीत ती कुणाच्याच लक्षात आली नाहीत. “यायले भोपाळले उतरू देतीन न, बाबू?” श्रावणने विचारलं. हसत विचारलं, पण त्याचा एक हात राखीच्या मानेवर घट्ट होता.

मी तरुण होतो आणि मला ते आवडलं. यादीच्या शेवटी मी दोन ओळी वाढवल्या. भोपाळला नवीन जनावर-नोंदवही उघडली तेव्हा त्या दोन ओळी तिच्यात उतरवल्या. त्या वहीत प्रत्येक जातीसाठी एक पान होतं आणि पानावर तीन रकाने: उगम, रूप, स्वभाव. उगम मी लिहिला, रूप लिहिलं. स्वभावाचा रकाना मात्र कोरा ठेवला. श्रावण म्हणाला होता, “तो इतक्यात लिवू नोका. आधी पाहा थोडं.”

भोपाळचं ते पहिलं वर्ष आम्हा दोघांनाही फार एकटं गेलं. फार्म शहराबाहेर, आज जिथे सोनागिरीची वस्ती आहे त्याच्या अलीकडे होतं. तेव्हा तिथे माळ, बाभळी आणि वारा. बाजारात मी बोललेलं हिंदी ऐकून दुकानदार हसायचे आणि श्रावणचं तर कोणालाच कळायचं नाही. त्याची बायको नागपूरकडे, माझं लग्न व्हायचं होतं. संध्याकाळी कचेरी बंद झाली की मी गोठ्याकडे जायचो, कारण दिवसभरात तेवढंच मराठी कानावर पडायचं. तो राखीशी बोलायचा, गाईंशी बोलायचा, मधूनच माझ्याशी. गुरं परत आणायची वेळ झाली की तो तोंडाने एक छोटी शीळ घाली आणि ते दोन कुत्रे बाणासारखे सुटत. मला वाटायचं कुत्रा म्हणजे भुंकणार, धावणार, गुरं पळणार. इथे तसलं काहीच नव्हतं. रेंगाळणाऱ्या गाईच्या मागे तिळ्या पोटावर सरपटत जाई, तिच्या खुराच्या वरच्या बाजूला हलकेच दात लावी, आणि त्याच क्षणी जमिनीला चिकटून सपाट होई. गाईची लाथ त्याच्या पाठीवरून हवेत जाई. मग गाय मुकाट कळपात.

“पाहा,” श्रावण म्हणायचा, “कोनत्या पायाले धरते ते पाहा.” मला महिनाभर दिसलं नाही. मग एक दिवस दिसलं. ज्या पायावर गाईचं वजन आहे, त्याच पायाला तो दात लावायचा. उचललेल्या पायाला कधीच नाही. वजनाचा पाय लगेच लाथ मारू शकत नाही… तो उचलला जाईपर्यंत कुत्रा जमिनीशी सपाट झालेला असतो. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, रक्तातच होतं. श्रावणने फक्त एक शब्द शिकवला होता, ‘निज.’ निज म्हटलं की कुठेही, कसेही असोत, दोघं पोट जमिनीला टेकवून आडवे होत. लाथेपासून वाचायची ती युक्ती होती. “एखाद्या वेळेस ते विसरतीन,” तो म्हणायचा, “तं मी आठवन देतो.”

त्या हिवाळ्यात राखीला पाच पिल्लं झाली. मी उत्साहाने वहीत नोंद केली: पिल्लं पाच, रंग पांढरा. तीन महिन्यांनी अधीक्षक तपासणीला आले. वही उघडली, पिल्लं बघितली. एकही पांढरं नव्हतं. सगळी निळसर, अंगभर तीळ शिंपडल्यासारखी, डोळ्यांभोवती काळे ठिपके. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “बाबूजी, वो सफ़ेद पिल्ले कहाँ गए? किसी को दे दिए क्या?” सरकारी पिल्लं बदलली असा आरोप म्हणजे माझी नोकरी गेलीच. श्रावणने एक पिल्लू उचललं, साहेबांच्या टेबलावर ठेवलं, बोटांनी केस दुभंगून दाखवले. काळ्या केसांच्या मधून पांढरे केस तसेच होते. “साहेब, पांढरं कुठं नाई गेलं. त्याच्यात काळं उगवून आलं. ही जातच अशी जलमते. बाबूनं बरोबर लिवलं. ज्या दिवशी लिवलं त्या दिवशी ते पांढरेच होते.” साहेब हसले आणि वहीवर सही करून गेले. त्यांना ते कुत्रे इतके पसंत पडले की पुढे ती पाचही पिल्लं त्यांनी खात्याच्या दुसऱ्या जिल्ह्यांतल्या फार्मवर पाठवली, प्रत्येकाबरोबर वहीतल्या पानाची नक्कल. श्रावणला त्याचं फार अप्रूप होतं. “आता नाई मिटत ही जात,” तो म्हणाला. “पाच जागी रुजली.”

बाहेर पडल्यावर मी त्याचे आभार मानले होते. तो म्हणाला, “त्यात काय? खरं होतं ते सांगितलं.”

आता ज्या सकाळसाठी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो. तिसरं वर्ष असेल. नव्या राजधानीचं बांधकाम जिकडेतिकडे चाललं होतं. आमच्या फार्मसमोरच्या रस्त्यापलीकडे पाण्याच्या नळासाठी पुरुषभर खोल चर खणले होते. फार्मचं फाटक लाकडी, जड. त्याला साखळी आणि साखळीच्या टोकाला लोखंडी आकडा. सकाळी श्रावण दुधाचे डबे बैलगाडीत घालून शहराकडे जायचा आणि जाताना फाटक लावायचा. त्यानंतर मी सायकलवरून यायचो. त्या दिवशी अधीक्षक येणार होते. माझं मासिक पत्रक अर्धवट होतं. कागदांचं पुडकं काखेत, वारा सुटलेला, एक कागद निसटून आवारात उडाला. मी फाटक ढकललं, सायकल आत घेतली आणि कागदामागे धावलो. परत येऊन साखळी लावायची असं मनात होतं. कागद सापडला, मी तसाच कचेरीत शिरलो आणि पत्रक पुरं करत बसलो. फाटक मी उघडं टाकलं.

किती वेळाने कोण जाणे, बाहेर ओरडा ऐकू आला. तीसेक गाई रस्ता ओलांडून चराच्या तोंडाशी पोचल्या होत्या. कुणीही शीळ घातली नव्हती. तिळ्या आणि राखी आपणहून धावले होते. मी फाटकात उभा राहून सगळं पाहिलं. त्या दोन कुत्र्यांनी चर आणि कळप यांच्यामध्ये शिरून एकेक गाय मागे वळवली. जागा अरुंद, माती ढासळत होती. नेहमीसारखं हलकेच धरून भागणारं नव्हतं, त्यांनी दात रोवले. दोन-तीन गाईंच्या पायांतून रक्त आलं. सगळी गुरं परतली, फक्त गौरा राहिली. ती गाभण होती, जड झालेली होती, सर्वांत पुढे होती. ती आत पडली. तिचे पुढचे दोन्ही पाय मोडले होते. तिला वाचवता आलं नाही.

अधीक्षकांची जीप नेमकी तेव्हाच आली. त्यांनी पाहिलं ते एवढंच: चरात पडलेली गाय, काठावर रक्ताळलेल्या पायांच्या गाई आणि त्यांच्या मागे लागलेले दोन कुत्रे. थोड्या वेळाने श्रावण रिकामी गाडी घेऊन परतला. साहेबांनी त्याला कचेरीत बोलावलं. मी टेबलाशी, टाक हातात. “फाटक किसने खुला छोड़ा?” श्रावण घामाने भिजला होता. तो म्हणाला, “साहेब, सकाळी मीच गेलो. साखळी लावली मी.” मग थांबला. मी त्याच्याकडे पाहत होतो… तो आठवत होता. रोज एकाच जागी एकच गोष्ट करणाऱ्या माणसाला एखादा दिवस वेगळा काढून आठवता येत नाही. “लावली असंल,” तो म्हणाला. “लावलीच असंल, साहेब.”

“असंल म्हणजे?” साहेबांनाही आता तेवढं मराठी कळत होतं. “नौकरी से हाथ धोओगे.”

तेव्हा मी तोंड उघडलं. पण जे बोलायला हवं होतं ते बोललो नाही. मी म्हणालो, साहेब, कुत्र्यांनी पाठलाग केला असावा, बिथरलेल्या गुरांनी फाटक ढकलून दिलं असावं. साहेबांनी मान हलवली. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्याशी ते जुळत होतं. “तो यही लिखिए. और रजिस्टर में भी.” मी अहवाल लिहिला. मग नोंदवही काढली, ते पान उघडलं आणि इतकी वर्षं कोरा ठेवलेला रकाना भरला. ‘या जातीचा स्वभाव हिंस्र आहे. गुरांना विनाकारण चावतात. गोठ्यात ठेवण्यास अयोग्य.’ ‘या दोन कुत्र्यांचा’ असं लिहिलं असतं तरी… पण रकान्याचं शीर्षक तसं होतं आणि मी शीर्षकाप्रमाणे लिहिलं. नोंद जातीची असल्यामुळे गोळी घालण्याचा हुकूमही जातीसाठी निघाला. पाच जिल्ह्यांतली पाच पिल्लं, आता मोठी झालेली, त्यांनाही तोच हुकूम गेला. नक्कल माझ्याच हातची.

मी स्वतःची समजूत घातली की मी दोन माणसांच्या नोकऱ्या वाचवल्या. एक माझी, एक श्रावणची. कुत्र्यांना काय, नोकरी नसते, पेन्शन नसते. ही समजूत काही वर्षं पुरली.

हुकमाप्रमाणे आठ-दहा दिवसांनी सकाळीच बंदूकवाला शिपाई आला. श्रावणने त्याला सांगितलं की कुत्रे बांधायचे नाहीत. तो त्यांना गोठ्यामागे घेऊन गेला. मी कचेरीत बसून होतो, खिडकी बंद केली होती. तरी श्रावणचा आवाज आला, नेहमीचा, न चढवलेला. “निज.” मग थोडा वेळ काहीच नाही. मग एकापाठोपाठ दोन आवाज. नंतर त्या शिपायाने कचेरीत पाणी पिताना सांगितलं, “ऐसे कुत्ते नहीं देखे बाबूजी. हिले तक नहीं.”

दुपारी श्रावण आला. हात मातीने भरले होते. मला वाटलं हा आता विचारील, काहीतरी बोलेल. त्याने दारातच उभं राहून हात जोडले. “बाबू, तुमी माही नोकरी वाचवली. नाई तं आज मीच घरी गेलो असतो. माह्या हातून फाटक राहिलं अन् भोगलं त्यायनं.” मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, “जाऊ दे रे. होतं असं कधी.”

त्यानंतर आमची मैत्री वाढत गेली, हे वाचकांना विचित्र वाटेल. ती त्याच्या बाजूने कृतज्ञतेची होती. माझ्या बाजूने काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्याची बायको आली, सुनंदा झाली, तिच्या बारशाला मी गेलो. माझ्या लग्नात तो राबला. दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला, गोवाऱ्यांच्या गायगोधनाच्या दिवशी, तो पितळी डब्यात खीर घेऊन यायचा. माझी बायको म्हणायची, “तुमचं आणि श्रावणभाऊंचं गेल्या जन्मीचं काहीतरी आहे.” याच जन्मीचं होतं. तिलाही मी कधी सांगितलं नाही. तिला जाऊन आता अकरा वर्षं झाली.

श्रावणने पुन्हा कुत्रा पाळला नाही. दुसरं एक झालं. त्या दिवसापासून त्याला फाटकांचं वेड लागलं. फार्मचं असो, त्याच्या घराचं असो, माझं असो, निघताना तो फाटक लावायचा, कडी बसवायचा, मग दोन्ही हातांनी धरून दोनदा हलवून बघायचा. आणि बाहेरून मला विचारायचा, “लागलं न, बाबू?” मी ओसरीवरून म्हणायचो, “लागलं, श्रावण.” माझं उत्तर ऐकल्याशिवाय तो जायचा नाही. मुलं हसायची. माझा मुलगा त्याची नक्कल करायचा आणि मी त्याला एकदा फार जोरात रागावलो होतो, ते त्याला अजून कळलेलं नाही. साठ वर्षं तो माणूस प्रत्येक फाटकापाशी एक साक्षीदार मागत होता. मी प्रत्येक वेळी साक्ष दिली. एक सोडून.

शेवटच्या भेटीत तो ओसरीवर माझ्या शेजारी बसला होता. डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून मिटलेले. सुनंदा आत चहा करत होती. मग तो म्हणाला, “बाबू, एक विचारू? हल्ली जुनं लय आठवते. तेवढी एक गोष्ट आठवत नाई. त्या दिवशी साखळी लावली होती का हो मी? डबे ठेवले ते आठवते. बैल पुढं काढले ते आठवते. साखळीचा हात आठवत नाई…”

ओसरीवर आम्ही दोघंच होतो. त्याचे डोळे मिटलेले होते, मला त्याच्याकडे बघावंसुद्धा लागणार नव्हतं. एक वाक्य होतं. मी म्हणालो, “आता काय त्याचं, श्रावण. किती वर्षं झाली.”

“हाव,” तो म्हणाला. “तुमाले तरी कसं ठाऊक असंल.”

चहा पिऊन तो उठला. सुनंदाने हात धरला तरी फाटकाशी त्याने तो सोडवून घेतला. कडी चाचपून बसवली, दोनदा हलवली. “लागलं न, बाबू?” मी उत्तर दिलं. रिक्षा वळणापर्यंत गेलेली मी पाहिली.

तेराव्याला मी सोनागिरीला सुनंदाच्या घरी गेलो. पाहुणे पांगल्यावर तिला सगळं सांगितलं. ती ताटं पुसत होती. पुसायची थांबली नाही. शेवटचं ताट पालथं घालून झाल्यावर ती म्हणाली, “काका, मी लहान असताना बाबा झोपेतून उठून कडी बघायचे. आई चिडायची. मला वाटायचं, उनकी आदत है.” मग म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगायचं होतं.”

मी म्हटलं, “हो.”

“तुम्ही लिहिता ना पेपरात कधी कधी? मग लिहा. बाबांचं नाव घालून लिहा. तुमचं पण.” ती मला पोचवायला दारापर्यंत आली नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही आलो नसतो. तिच्या सांगण्याप्रमाणे त्याचं नाव वर आलेलं आहे. माझं या लेखाबरोबर छापलं जाईलच.

ती नोंदवही कधीच रद्दीत गेली असेल. म्हणून तो रकाना इथे भरतो. उगम: ऑस्ट्रेलिया. गुरं हाकणारे विलायती कुत्रे आणि तिथले रानकुत्रे यांच्या संकरातून. रूप: मध्यम उंची, भरलेली छाती, उभे कान, निळसर राखी अंगावर दाट तीळ. जन्मतः पांढरे. स्वभाव: मुका, मेहनती. एकाच माणसाला धरून राहणारा, परक्याला दूर ठेवणारा. चावतो, पण फक्त वजनाच्या पायाला, आणि तेही जनावर वाट चुकलं तर. बोलावल्याशिवाय मदतीला धावतो. ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याने ‘निज’ म्हटलं तर निजतो.

आता माझ्या फाटकाचा आवाज येत नाही. पेपरवाला, दूधवाला येतात, जातात, आणि ते उघडंच राहतं. दिवेलागणीला मी काठी टेकत जातो, कडी बसवतो, दोन्ही हातांनी धरून दोनदा हलवतो. विचारायला पलीकडे कोणी नसतं. तरी मी थोडा वेळ तिथे उभा राहतो आणि साठ वर्षं उशिराने त्याच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

लागलं होतं, श्रावण. त्या सकाळी मी सायकलवरून उतरलो तेव्हा साखळी लागलेली होती. आकडा पक्का बसला होता. तो काढायला मला कागद काखेत धरून दोन्ही हात लावावे लागले होते.